रोमची वीस मिनिटांची चूल

रोमवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कोलोसियम, व्हॅटिकन, पाठमोरे उभे राहून नाणे टाकायचे ते कारंजे, यांची वर्णने वाचकांनी इतकी वाचली असतील की त्यांत मी भर घालणे म्हणजे गणेशोत्सवात आणखी एक ध्वनिक्षेपक लावण्यासारखे होईल. मला सांगायचे आहे ते संध्याकाळी साडेसात ते आठ या अर्ध्या तासातल्या रोमविषयी. या वेळी प्रवासी मंडळी चौकात बसून काहीतरी केशरी रंगाचे पीत असतात आणि खरे रोम आपापले जिने चढत असते. हातात पिशवी, चेहऱ्यावर कचेरी आणि कानाला फोन. त्या फोनवरचे वाक्य बहुधा एकच असते : ‘बुत्ता ला पास्ता.’ पास्ता टाक. म्हणजे मी कोपऱ्यावर पोचले, पाणी उकळले असेल, आता सोड त्यात.

हे वाक्य मी गेल्या मे महिन्यात पाच आठवडे रोज ऐकले. माझी धाकटी बहीण रोममध्ये एका कचेरीत हिशेबाचे काम करते. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. तेव्हापासून ती आणि बारा वर्षांची मुलगी, अशा दोघीच तिथे असतात. सांगलीहून आईने मला निघताना बजावले होते, “तिला घेऊनच ये. आणि आणता आलं नाही, तर निदान ती जेवते काय ते तरी नीट बघून ये.” आईच्या कल्पनेप्रमाणे बहीण गेली दोन वर्षे उकडलेल्या शेवयांवर दिवस काढत होती. महाविद्यालयाला सुट्टी लागली, उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा हातावेगळा झाला, आणि आईचे हे दोन्ही निरोप घेऊन मी मेच्या पहिल्या आठवड्यात विमानात बसले.

बहिणीचे घर तेस्ताच्चो नावाच्या वस्तीत आहे. हा भाग रोमच्या देखण्या भागांत मोडत नाही. इथे एक टेकडी आहे, सुमारे ३५ मीटर उंचीची. ती मातीची नसून फुटक्या खापरांची आहे. प्राचीन काळी स्पेन आणि आफ्रिकेतून ऑलिव्हचे तेल ज्या मोठमोठ्या कुंभांतून येई, ते रिकामे झाले की फोडून इथे रचत. बादशाही रोमने खाल्लेल्या तेलाचा हा असा हिशेब उघड्यावर पडलेला आहे! टेकडीजवळच शहराचा जुना कत्तलखाना होता. तो १९७५ साली बंद झाला. वस्तीची मंडई पूर्वी चौकात भरे, ती २०१२ साली नव्या इमारतीत गेली. आईने नेमून दिलेल्या तपासणीचे काम मी या मंडईतच सुरू केले.

ही मंडई सकाळी भरते आणि दुपारनंतर उठते. त्यामुळे नोकरी करणाऱ्या बाईला ती आठवड्यात भेटतच नाही. बहीण शनिवारी जाऊन आठवड्याची भाजी आणी. मी गेल्यावर ते काम माझ्याकडे आले आणि मला भाषा येत नसल्याने ते फार छान झाले. भाजीवाल्या बायका जगात सगळीकडे सारख्याच. मी बोट दाखवीत असे, त्या मान हलवून दुसरेच काहीतरी पिशवीत घालीत, आणि ते अधिक चांगले निघे. आर्टिचोक नावाचे एक कमळाच्या जाड कळीसारखे फळभाजीचे प्रकरण तिथे असते. रोमचा आर्टिचोक गोल, बिनकाट्याचा. विकणारी बाई बोलता बोलता सुरीने त्याची बाहेरची राठ पाने उडवते आणि आतला कोवळा गड्डा लिंबाच्या पाण्यात टाकते, म्हणजे तो काळा पडत नाही. निवडून दिलेली भाजी घेणे हे आमच्याकडे अजूनही थोडे आळशीपणाचे मानतात. रोममधल्या सुगरणी ती खुशाल घेतात. हे मी आईला मुद्दाम सांगितले.

आता साडेसातच्या चुलीकडे वळते. बहिणीच्या घरात दोन पाकशास्त्राची पुस्तके शेजारी शेजारी उभी आहेत. एक कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’, १९७० सालची आपल्या सगळ्यांची ओळखीची. दुसरे पेल्लेग्रिनो आर्तुसी नावाच्या गृहस्थांचे, १८९१ साली त्यांनी पदरमोड करून छापलेले, आणि इटलीच्या घराघरांत पोचलेले. पण आठवड्यातल्या रात्री दोन्ही पुस्तके फळीवरून खाली उतरत नाहीत. तेव्हा चालतो तो एक साधा त्रैराशिकाचा नियम : १०० ग्रॅम पास्ता, १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ. घरी माणशी ८० ग्रॅम पुरतो. भाची फोन आला की पास्ता पाण्यात सोडते आणि पुड्यावर जितकी मिनिटे छापली असतील त्याच्या एक मिनिट आधी एक नळी दाताखाली धरून पाहते. तिच्या मध्यभागी किंचित कणी लागली पाहिजे. आपण भाताच्या शितावरून जी परीक्षा करतो तीच, फक्त निकाल उलटा.

हा पास्ता गिचका होत नाही याचे कारण गव्हात आहे. १९६७ साली इटलीने कायदाच केला की कोरडा पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे. आपल्याकडे ज्याला बन्सी म्हणतात त्या जातीचा हा गहू. आपल्या दुकानांतल्या काही पुड्यांमध्ये मैदा असतो, आणि मग आपण पास्त्याला नावे ठेवतो.

खरी गंमत अशी, की भाजी त्याच वेळात व्हायची असते. पास्त्याला लागणारी दहा-बारा मिनिटे हीच भाजीची मुदत. म्हणून ऋतू महत्त्वाचा. कोवळी भाजी दहा मिनिटांत होते, जून झालेली होत नाही. आणि वेळ नसलेल्या बाईला हंगाम पाळण्यावाचून गत्यंतर नसते. मी पोचले तेव्हा आर्टिचोकचा हंगाम संपत आला होता. मटार आणि बाकला मात्र भरात होते. १ मे रोजी रोमचे लोक बाकल्याचे कोवळे दाणे कच्चेच, मेंढीच्या दुधाच्या खारट चीजबरोबर खातात. तो दिवस माझा हुकला, पण दाणे हुकले नाहीत. आर्टिचोक, मटार, बाकला, पातीचा कांदा आणि सॅलडची पाने एकत्र शिजवून इथे एक भाजी करतात, तिला विन्यारोला म्हणतात. बहीण ती रविवारी पातेलेभर करी आणि सोमवारी उरलेली पास्त्यात जाई. शतावरीच्या जातीचे कोंब आले की त्यांचे शेंडे बाजूला काढून देठ आधी पास्त्याच्याच पाण्यात उकळायचे, म्हणजे पाण्यालाच चव येते. महिना संपता संपता कोवळी झुकिनी आली, टोकाला पिवळे फूल घेऊन. तिच्या पातळ चकत्या लसणीच्या तेलात परतायच्या, फुले फाडून शेवटी घालायची. आणि सर्वांत मोठे रहस्य, म्हणजे गाळण्यापूर्वी वाटीभर पाणी काढून ठेवायचे. त्या पिठूळ पाण्याने तेल आणि चीज एकजीव होते. आपण कटाच्या आमटीचे पाणी जपतो, तसे.

टोमॅटो मात्र पाच आठवड्यांत बहिणीने एकदाही आणू दिला नाही. “अजून नाही, ताई. जूनअखेर.” मंडईत ते ढिगांनी दिसत होते. मी तसे म्हणताच भाचीने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी शिमग्यात फटाके उडवायला निघाले होते.

अगदीच उशीर झाला, काहीच आणलेले नसले, की लसूण, तेल आणि लाल मिरची. नाहीतर नुसते मेंढीचे चीज आणि काळी मिरी. मिरची आपल्याला आणि त्यांना दोघांनाही अमेरिकेतून आलेली, १४९२ नंतरची. तिच्याबाबत कुणी कुणाला ऐट दाखवू नये. मिरीची गोष्ट निराळी. ती मलबारची. फोरमजवळ डोमिशियन बादशहाने मिरी-मसाल्यांची कोठारे बांधली होती, त्यांचे अवशेष आजही आहेत. उलट दिशेने आमच्या बाजूला काय आले म्हणाल, तर कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची काशाची मूर्ती. लहानपणी टाऊन हॉलच्या संग्रहालयात ती आम्ही दोघी बहिणींनी पाहिली होती. तिच्या स्वयंपाकघरात मिरी कुटताना ती मला आठवली. चीजबद्दल एक सूचना केली पाहिजे. या चीजसाठी दूध विरजताना कोकराच्या जठरातला अर्क वापरतात. कडक शाकाहारी असणाऱ्यांनी हे जाणून मग काय ते ठरवावे. मी जाणून खाल्ले.

मध्ये तीन दिवस आम्ही बारीला गेलो. रेल्वेने सुमारे चार तास. बारी म्हणजे एड्रियाटिक समुद्रावरचे बंदर. तिथल्या जुन्या गावात एका गल्लीत बायका दाराशी पाट मांडून ओरेक्येत्ते, म्हणजे ‘छोटे कान’, करीत बसतात. रवा आणि पाणी, दुसरे काही नाही. दोरीसारखी वळी करायची, सुरीने इवला तुकडा कापत कापतच तो पाटावर ओढायचा, आणि अंगठ्यावर उलटा करायचा. झाला कान. लाकडी चौकटीच्या जाळीवर ते वाळत पडलेले. मी तिथे कितीतरी वेळ उभी होते. कारण हे तर आमचे वळवट! लग्नघरी आळीतल्या बायका जमून करीत ते गव्हले, मालत्या, बोटवे, नखुले. नखुल्याला नख, कानाला अंगठा, एवढाच काय तो फरक. एका म्हातारीच्या पाटासमोर बसून मी नखुला करून दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, उलटसुलट पाहिला, आणि माझ्या हातात आणखी पीठ ठेवले.

बारीचे ओरेक्येत्ते ज्या कडवट पालेभाजीबरोबर प्रसिद्ध आहेत, ती आम्हांला कुठेच मिळाली नाही. ती थंडीतली भाजी. त्याऐवजी टोमॅटो आणि वर किसलेले घट्ट ताजे चीज. दक्षिणेत टोमॅटो लवकर येतो, त्यामुळे भाचीने हरकत घेतली नाही.

आईचा पहिला निरोप मी शेवटच्या आठवड्यापर्यंत खिशातच ठेवला होता. शुक्रवारी रोममध्ये काबुली चण्यांचा पास्ता करण्याची जुनी रीत आहे, गुरुवारी जशी बटाट्याच्या न्योक्कीची. चणे शिजवून काही घोटायचे, काही तसेच ठेवायचे, रोझमेरीची काडी घालायची आणि पास्ता त्याच रसात शिजवायचा. पहिल्या घासाला मी म्हटले, “अगं, या तर चकोल्या!” बहीण हसली. तेवढ्यात मी विचारून टाकले, सांगलीला येतेस का.

ती बराच वेळ चमचा फिरवत होती. मग म्हणाली, “ताई, तिथं मला कुणी पाणीसुद्धा ठेवू देणार नाही. सगळे ताट वाढून समोर बसतील आणि मी जेवते का ते बघतील. इथं आठ वाजता ही पास्ता टाकते आणि मी जिना चढते. मला त्या जिन्यावर घाई करावी लागते. ती घाई मला हवी आहे.”

तिचे म्हणणे मला सगळेच पटले असे नाही. भाचीचे मराठी आता आज्ञार्थापुरते उरले आहे, हे मराठी शिकवणाऱ्या मावशीला टोचल्यावाचून कसे राहील? रविवारी बहीण अकरापर्यंत उठत नसे, हेही मी पाहिले होते. शिवाय पुड्याची गोष्ट. पास्त्याचा पुडा ५०० ग्रॅमचा असतो. पूर्वी तिघे होते तेव्हा तो दोन रात्री पुरायचा. आता तीन रात्री पुरतो. हे तिने मला सहज बोलल्यासारखे सांगितले, पुड्याच्या तोंडाला चिमटा लावता लावता. मी होते तोवर तो पुन्हा दोन रात्रींत संपत होता. निघण्याच्या आदल्या दिवशी मी मंडईतून मटार आणून सोलून ठेवले, दुसरे काय करणार?

सांगलीला आईसमोर बसून मी सगळे सांगितले. आर्टिचोक, चणे, जिना, पुडा. तिने घेऊन यायचा विषय काढला नाही. बऱ्याच वेळाने विचारले, “दोघींना पाणी किती ठेवते?” मी म्हटले, दीड-दोन लिटर, मीठ मोजून. जुलैत ओळखीचे कुणी रोमला जाणार होते, त्यांच्याबरोबर आईने अर्धा किलो नखुले पाठवले, स्वतःच्या हातचे. ते खिरीसाठीच होते, हे सांगायला नको. बहिणीने त्यांचा अर्धा वाटा शुक्रवारी चण्यांत घातला आणि आईला फोन करून कबूल केले की चार मिनिटांत झाले.

“चार कशाला?” आई म्हणाली. “माझ्या नखुल्यांना तीनच लागतात. पोरीला सांग, आधी एक दाताखाली धरून बघ म्हणावं.”