माळ सपाट करण्याआधी

चि. बाळा,


आहुप्याच्या वरच्या अंगाचा वरकस माळ जेसीबी लावून सपाट करायचा नि त्यातले हिरडे काढायचे, असं तू ठरवल्याचं ताईने फोनवर सांगितलं. मंचर-नारायणगावची टोमॅटो-कांद्याची शेती पाहून तुझा जीव तुटतो, ते मला कळतं. म्हणूनच सविस्तर लिहितो.

खडक दोन्हीकडे एकच, काळा बेसाल्ट. फरक पावसाने पाडला. भीमाशंकरला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पूर्वेला त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. तिकडच्या काळ्या मातीत चुना नि पोटॅश टिकून राहिलं. आपल्याकडचं पावसाने युगानुयुगं धुऊन घोड नदीत नेलं. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणून माती तांबडी नि आम्लधर्मी. तिला स्फुरद दिलं तरी ते लोहच धरून बसतं. नत्र तर एका झडीत वाहून जातं.

मग एवढं रान पोसतं कशावर? स्वतःच्याच पाल्यावर. उबदार ओलीत पाला झपाट्याने कुजतो, आणि सुटलेलं अन्न वाहून जाण्याआधी वरच्या वीतभर थरातली मुळं नि त्यांना जोडलेली बुरशी ते उचलून घेतात. देवराईतला पाला हाताने बाजूला करून बघ, पांढऱ्या तंतूंचं जाळं दिसेल. आपल्या रानाचं धन जमिनीत थोडं, झाडांत जास्त. झाडं गेली, वरचा थर जेसीबीने खाली गाडला, की पहिली दोन-तीन वर्षं नाचणी-वरई बरी येईल, पुढे जमीन हात टेकेल. आपली माणसं वरकस जमीन पड टाकत ती उगाच नाही.

आबा राब भाजायचे, आठवतं? टहाळ, शेण, गवत पेटवून झालेल्या राखेतून भाताच्या तरव्याला पोटॅश, चुना, स्फुरद मिळे, आम्लता उतरे, तणाचं बी जळे. पण नत्र नि गंधक धुरात जातं. म्हणून मला डॉ. नारायण सावंतांची भातशेतीची चारसूत्री अधिक पटते: तूस-पेंढा त्याच शेताला परत, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत, नेमक्या अंतरावर लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात ७ ते १० सेंटीमीटर खोल, म्हणजे पाऊस त्या नेत नाही. शिवाय खाचरात पाणी साचून हवा तुटली की तेच लोह धरलेलं स्फुरद सोडू लागतं. आपल्या मातीला भात मानवतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

खाचर वाढवायचंच असेल, तर चार घरं मिळून खाचर पाडायची पडकई करा. दगडाची ताल रचा, वरची माती आधी बाजूला काढा नि शेवटी पुन्हा वरच पसरा. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये दरड कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली. त्या दरडीच्या कारणांवर मतं वेगवेगळी असतील, पण आपल्या तालुक्यात उतार उघडा करताना तो दिवस कुणीही विसरू नये.

हिरडे ठेव. बाळहिरडा वाळवून घरात पैसा येतो, त्याला खतही लागत नाही. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लाव. मातीचा नमुना नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दे, आणि अहवाल हातात येईपर्यंत जेसीबीवाल्याला थांबव, एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा