कचरा डेपोखालचा दगड कोणी बघितलाय का?

कचरा डेपोवरून आपल्याकडे भांडणं होतात ती वासावरून, माशांवरून, जमिनीच्या भावावरून. खाली दगड कसला आहे, हे कोणी विचारत नाही. कोयनेच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपण तरी ते विचारायला हवं.

आमच्या गावाबाहेर एक बंद पडलेली दगडखाण आहे. "खड्डा आयता आहे, टाका त्यात कचरा," असं सध्या चाललंय. ऐकायला सोयीचं वाटतं. पण खाण म्हणजे वरची माती आणि मुरूम काढून उघडा पाडलेला कातळ. आपला कातळ काही एकसंध नाही. लाव्हाचे थर एकावर एक, मध्ये कुठे तांबडा मातकट थर, कुठे मांजऱ्या, आणि सगळीकडे भेगा. त्यात सुरुंगांनी पाडलेले तडे वेगळेच. विहिरींना पाणी लागतं ते याच भेगांतून. म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यालाही तीच वाट मोकळी.

यावर कागदोपत्री उपाय आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत क्षेपणभूमीच्या तळाशी दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर आणि त्याखाली ९० सेंटिमीटर घट्ट मातीचा थर सांगितला होता. ते नीट केलं तर पाणी अडतं.

पण जमीन हलली तर?

१७ जानेवारी १९९४ ला अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, ६.७ तीव्रतेचा. तिथल्या चिकिटा कॅन्यन क्षेपणभूमीत कचऱ्याचा डोंगर कोसळला नाही, पण उतारावरचं अस्तर फाटलं. धोका आहे तो इथे. पडलेली भिंत सगळ्यांना दिसते. कचऱ्याखाली फाटलेलं अस्तर दिसत नाही. ते कळतं विहिरीचं पाणी बिघडल्यावर. अमेरिकेच्या नियमांत, भूगर्भीय काळाच्या हिशोबात अलीकडे हललेल्या भ्रंशापासून २०० फुटांच्या आत नवी क्षेपणभूमी सहसा करता येत नाही, ते उगाच नाही.

"आपल्याकडे आता कुठे मोठे भूकंप होतात?" असंही ऐकलं. कोयनेचा मोठा धक्का ११ डिसेंबर १९६७ चा, आणि लहान धक्के अजून थांबलेले नाहीत. हा भाग भूकंपप्रवण क्षेत्र चारमध्ये मोजला गेलाय. आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत तो भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याचा होता.

बरं, ढीग कोसळायला भूकंपच लागतो असंही नाही. दिल्लीत गाझीपूरला १ सप्टेंबर २०१७ ला कचऱ्याचा डोंगर घसरला आणि दोन जीव गेले. उंच, उभ्या उताराच्या, पाणी मुरलेल्या ढिगाला धक्का बसला तर काय होईल, याचा अंदाज करा.

डेपो नकोच, असं माझं म्हणणं नाही. कचरा आपलाच आहे, तो कुठेतरी जाणारच. पण ठराव होण्याआधी तीन कागद मागा. खाणीच्या तळाला बोअर घेऊन केलेली खडकाची तपासणी. आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याचा आजचा अहवाल, म्हणजे उद्या तुलना करता येईल. आणि भूकंपाचा धक्का धरून केलेला उताराचा व अस्तराचा हिशोब. कचरा पडायच्या आधी हे तपासता येतं. एकदा खड्डा भरला की खालचा दगड कोणालाच बघता येणार नाही.

खाणीच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांच्यापर्यंत हे नक्की पोचवा.