अडीच एकर पाणी

माझ्या काकांच्या नावावर फ्लोरिडात अडीच एकर जमीन होती आणि ती त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. दर वर्षी कोलियर काउंटीचं कराचं बिल यायचं, काका चेक पाठवायचे आणि पावती एका हिरव्या फायलीत जायची. फायलीवर मराठीत 'जमीन' असं लिहिलेलं होतं. ओहायोतल्या घराचे कागद कपाटात कुठेही असायचे, पण ही फाईल बँकेच्या लॉकरमध्ये.

काका 1963 साली एम.एस. करायला अमेरिकेत आले आणि नोकरी लागल्यावर राहिले. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांना जमीन विकणाऱ्यांकडून क्लीव्हलँडच्या एका हॉटेलात फुकट जेवणाचं आमंत्रण आलं. काकूंची आठवण जेवणापुरती आहे: "सगळी कोंबडीच होती. आम्ही उकडलेले बटाटे खाऊन आलो, आणि येताना जमीन घेऊन आलो." बाहेर बर्फ पडत होतं आणि आत पडद्यावर नारळ, संत्री, होड्या. मध्येच कुणीतरी ओरडायचं की अमुक नंबरचा प्लॉट गेला, आणि बाकीची टेबलं चुळबुळायची. काका स्थापत्य अभियंता. त्यांनी विक्रेत्याला विचारलं, इतक्या सपाट जागेत पावसाचं पाणी जातं कुठे? त्याने नकाशा उघडून कालवे दाखवले. नाकासमोर सरळ, दक्षिणेकडे समुद्रापर्यंत. काकांचं समाधान झालं, कारण कालवे खरोखरच खणले जात होते. त्या सगळ्या व्यवहारातली तेवढी एकच गोष्ट खरी होती आणि नेमक्या तिनेच पुढे सगळा घोटाळा केला.

एवढा हिशेबी माणूस जागा न बघता हप्ते कसे भरायला लागला, हे समजायला आमचं घर माहीत असावं लागतं. आमची चिपळूणजवळ भातशेती होती. 1 एप्रिल 1957 ला कुळकायद्याने कसणारी कुळं मालक झाली आणि आजोबांच्या हाती फुटकळ हप्त्यांत येणारी रक्कम राहिली. माझ्या मते ते योग्यच झालं. आजोबांनी उभ्या आयुष्यात चिखलात पाय घातला नव्हता. पण काकांच्या कॉलेजच्या वयात घरात दुसरा विषय नव्हता. सातबाऱ्यावरून नाव गेलं, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की जगात कुठेतरी आपलं नाव जमिनीवर असावं, ही त्यांची गरज होऊन बसली. विक्रेत्याला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याचं काम आपोआप झालं.

नव्वदच्या दशकात सरकारी लखोटा आला. फ्लोरिडा राज्य सरकारला ही जमीन विकत हवी होती. दर एकराला अमुक डॉलर, मान्य असेल तर सोबतच्या फॉर्मवर सही करा. काकांनी मला टँपाला फोन केला. मी तेव्हा तिथे नोकरीला होतो.

"अरे, सरकार जमीन घेतंय."

"कशासाठी? रस्ता काढतायत का?"

"नाही. रस्ते काढून टाकणार म्हणतात. पाणी सोडणार आहेत."

हे माझ्या डोक्यात बसेना. भूसंपादन म्हटलं की आपल्याला धरण दिसतं, एमआयडीसी दिसते, विमानतळ दिसतो. काहीतरी उभं करायला जमीन घेतात. जे उभं आहे ते पाडून जागा पाण्याला परत द्यायला सरकार पैसे मोजतंय, हे मी तोवर ऐकलेलं नव्हतं.

काका विमानाने आले आणि आम्ही गाडीने खाली गेलो. नेपल्स गाठून पूर्वेकडे वळलं की गोल्डन गेट इस्टेट्सची वस्ती लागते. घरं, टपालपेट्या, घोडे बांधलेली आवारं. मग एव्हरग्लेड्स बुलवार्ड दक्षिणेला वळतो आणि इंटरस्टेट 75 वरच्या पुलावरून पलीकडे उतरतो. पुलावरून हमरस्त्यावर यायला-जायला वाट नाही. आणि पुलाच्या दक्षिणेला घरं संपतात. रस्ते मात्र तेव्हा संपत नव्हते. काटकोनात छेदणारे, नंबर दिलेले अॅव्हेन्यू मैलोन् मैल पसरलेले, डांबराच्या भेगांतून गवत वर आलेलं. दिव्याचा खांब नाही, नळ नाही. नुसत्या रस्त्यांचीच लांबी अडीचशे मैलांच्या वर होती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चोरट्या मालाची विमानं या सरळ रस्त्यांवर उतरत, असं तिथे सांगतात, आणि रस्ते पाहिल्यावर ते सहज पटलं.

आमचा प्लॉट नकाशावर होता, जमिनीवर नव्हता. मोजणीची खुंटी शोधत काका रस्त्याच्या कडेने पावलं मोजत हिंडले, मग नाद सोडून कालव्यापाशी गेले. पाणी जमिनीच्या पातळीपेक्षा बरंच खाली होतं आणि दक्षिणेकडे चाललं होतं. काका काठावर उकिडवे बसले. तेवढ्यात वनखात्याची गाडी येऊन थांबली, आम्ही वाट चुकलोय असं समजून. काकांनी त्या माणसाला आपला खरेदीखताचा कागद दाखवला. तो हसला नाही, हे मला बरं वाटलं. असे कागद घेऊन आलेली माणसं त्याने पाहिली असणार.

त्याने जे सांगितलं, ते काका माझ्याआधी समजले. ही जागा म्हणजे सायप्रसच्या झाडांचं, संथ वाहत्या पाण्याचं रान. उतार इतका कमी की पाणी नदी होऊन वाहत नाही, पातळ चादरीसारखं पसरून, वीतभर खोलीने, महिनोन् महिने दक्षिणेकडे सरकतं. वाटेत ते जमिनीत मुरतं, झाडांना पुरतं आणि शेवटी टेन थाउजंड आयलंड्सच्या खाड्यांत थोडं थोडं मिसळतं. कालव्यांनी ही चादर फाडली. मिलर, फका युनियन, मेरिट आणि प्रेअरी असे चार मोठे कालवे, मिळून 48 मैल. ज्याला पूर्वी महिने लागायचे ते पाणी आता बघता बघता समुद्रात. त्यामुळे वर रान कोरडं पडायला लागलं आणि आगी लागायला लागल्या. ओलीत वाढणाऱ्या झाडांच्या जागी कॅबेज पाम माजला. खाली फका युनियनच्या खाडीत पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा एकदम घुसायचा आणि खाडीतली कालवं (ऑयस्टर) मरायची. शेजारीच फकाहाची स्ट्रँडचं राखीव रान आहे. तिथे ऑर्किडच्या 44 देशी जाती आहेत, दुर्मिळ घोस्ट ऑर्किडही त्यांत आलं. प्रेअरी कालवा त्या रानाच्या अंगाला लागून गेलेला, तेव्हा तिथलंही पाणी तो ओढून घेत होता.

"म्हणजे मी विचारलं होतं ते बरोबर होतं," काका म्हणाले. "पाणी जातं कुठे, एवढंच विचारलं. ते गेल्यावर इथे काय होतं, ते विचारायला हवं होतं."

मग त्यांनी त्या माणसाला विचारलं, कालवे आजच का बुजवत नाही? उत्तर साधं होतं. बुजवले की पाणी चढणार, आणि चढलं की एखाद्याच्या खासगी जमिनीत जाणार. तो मालक न्यायालयात गेला की काम ठप्प. म्हणून सगळे प्लॉट आधी सरकारकडे यायला हवेत, शेवटचा प्लॉटसुद्धा. अर्धी पाणथळ जागा राखता येत नाही.

आणि प्लॉट किती, तर जवळपास 55,000 एकरांचे सुमारे 17,000 मालक. सव्वा एकर, अडीच एकर, पाच एकर. मालक देशभर विखुरलेले, काही परदेशात, काही मेलेले, काहींच्या वारसांना अशी जमीन असल्याचा पत्ता नाही. 1985 मध्ये राज्य सरकारने ही खरेदी हाती घेतली. आधी राजीखुशीने विकणाऱ्यांकडून, पुढे केंद्राचा पैसा मिळाल्यावर उरलेल्यांकडून, आणि अगदी शेवटी सक्तीने. जे तुकडे एका रात्रीच्या जेवणात खपले होते, ते गोळा करायला वीस वर्षं लागली. कालवे खणून जमीन विकणं हा गुन्हा कुणाला वाटला नव्हता, तेव्हा काउंटीने नकाशे मंजूर केलेच होते. बिल मात्र सगळ्या करदात्यांनी भरलं. हे मला आजही खटकतं.

सर्वांत शेवटी राहिला जेसी हार्डी. नौदलातून निवृत्त, अपंगत्व आलेला माणूस. त्याने 1976 मध्ये 160 एकर घेतले होते आणि तो खरोखर तिथे राहत होता. वीज नाही, फोन नाही. जमिनीतला चुनखडक काढून तळी करायची आणि मासे पाळायचे, असा त्याचा बेत. सरकारने दर वाढवला तरी तो हलेना. वर्तमानपत्रांनी त्याला नायक केलं. शेवटी 2005 च्या सुमारास जवळजवळ 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. काका बातम्या कापून मला पाठवायचे. त्यांची सहानुभूती पूर्ण हार्डीच्या बाजूला होती, तोवर स्वतःची सही करून मोकळे झालेले असूनही. मी त्यांच्याशी वाद घालायचो. जो राहत होता त्याच्याशी सरकारने जास्त सबुरीने वागावं, जास्त पैसे द्यावेत, इथवर ठीक. पण एकासाठी 17,000 जणांनी सोडलेली जागा कोरडीच ठेवायची का? काका म्हणायचे, "तू कधी जमीन गमावलेली नाहीस." यावर मला उत्तर नव्हतं, पण माझं मतही बदललं नाही.

काकांची सही सहज झाली असं समजू नये. लखोट्यामागोमाग वकिलांची पत्रं आली. फ्लोरिडात सक्तीच्या संपादनात मालकाच्या वकिलाचा खर्च सरकारला द्यावा लागतो, तेव्हा वकिलांना पत्र टाकायला काय जातं? थांबा, लढा, जास्त मिळेल. काकांनी चार पानांचं गणित मांडलं. मूळ हप्ते, व्याज, तीस वर्षांचा कर, आणि समोर सरकारचा दर. तोटाच होता. काकू म्हणाल्या, "लढायला तिथे एक आंब्याचं झाड तरी आहे का आपलं?" हा मुद्दा चार पानांवर भारी पडला.

सही करण्याआधी काकांनी खात्याला एक पत्र मात्र लिहिलं. मी म्हटलं, काका, राहू द्या, कोण वाचणार? पण त्यांना दोन गोष्टी लेखी हव्या होत्या: ही जमीन पुन्हा कुणा बिल्डरला विकली जाणार नाही ना, आणि आम्हाला पुढे तिथे जाता येईल का. उत्तर आलं, छापील नव्हे. जमीन पिकायून स्ट्रँड राज्य वनात जाणार, विकायची नाही. वन सगळ्यांना खुलं आहे, जरूर या. काकांना ते पत्र पुढे दोन-तीन पाहुण्यांना तरी दाखवताना मी पाहिलं. "चिपळूणला नंतर बांधावर उभं राहायचीही चोरी झाली होती," असं वर म्हणायचे.

आधी प्रेअरी कालवा बुजवला गेला. खणताना काढलेला दगड काठावर ढिगाने पडूनच होता, तोच परत आत लोटला. रस्ते उखडले. बाकीच्या तीन कालव्यांवर प्रचंड पंप बसले. उत्तरेला माणसं राहतात, तिथलं पावसाचं पाणी अडलं तर त्यांची घरं बुडतील. म्हणून ते पाणी पंपाने उचलून पसरट खाचरांत टाकायचं आणि तिथून चादरीसारखं दक्षिणेला सोडायचं. काकांना या पंपांचं भारी कौतुक. उताराने फुकट होणारं काम आता यंत्रांनी करावं लागतंय, हे सांगताना त्यांच्यातला अभियंता खूश व्हायचा की दुःखी, ते मला कधी कळलं नाही.

सरकारच्या चेकमधून ओहायोच्या घराचं छप्पर बदललं. ते गेली दोन वर्षं गळत होतं.