युद्ध संपल्यावरची पानं

ख्रिस्तोफर पाओलिनीच्या ड्रॅगनकथेचा चौथा आणि शेवटचा भाग, 'इनहेरिटन्स', 8 नोव्हेंबर 2011 रोजी प्रसिद्ध झाला. पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली गोष्ट त्यानं अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर पुरी केली. तीन भागांत मावेल असं ठरवलं होतं, मावली नाही.

आमच्या बिद्रीत ते दिवस गळिताचे. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्या, फडाफडांत ऊसतोडीच्या टोळ्या. अशा हंगामात मी हा जाडजूड भाग वाचला आणि ड्रॅगनवर बसून उडणारा एरागॉन मला परका वाटलाच नाही. तो मामाच्या शेतावर वाढलेला पोर. हिवाळ्यापुरतं घरात मांस नाही म्हणून शिकारीला जातो, तिथं त्याला निळा दगड सापडतो. तो देऊन खाटकाकडून मांस मिळतंय का, हे तो आधी बघतो! पुढं त्याच दगडातून सफिरा ही ड्रॅगन जन्माला येते. नशीब हातात आलं तरी ज्याला आधी घरची चूल आठवते, ते शेतकऱ्याचंच पोर.

या मालिकेतली जादूही फुकटची नाही. मंत्रानं ओझं उचलायचं तर हातानं उचलायला लागते तेवढीच ताकद अंगातून जाते. झेपेल त्यापेक्षा मोठा मंत्र घातला तर जीव जातो. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाया इथं रोज दिसतात. पायाखाली फळी लवते, मान मात्र ताठ. मोळी वर टाकली की बाई कमरेवर हात ठेवून घटकाभर उभी राहते आणि पुन्हा खाली उतरते. हे रोज बघणाऱ्याला पाओलिनीचा नियम समजावून सांगावा लागत नाही.

शेवटच्या भागात गॅल्बटोरिक्स राजा मरतो, पण तलवारीच्या जोरावर नाही. त्यानं लोकांना दिलेलं दुःख एरागॉन त्यालाच भोगायला लावतो. ते त्याला सोसवत नाही आणि तो स्वतःच स्वतःचा अंत करून घेतो. अख्ख्या मालिकेतला सगळ्यात मोठा प्रसंग मी हाच मानतो.

तरीही पुस्तक संपत नाही. राजा मेल्यावर पानंच्या पानं निरोपानिरोपीत जातात आणि पुष्कळ वाचकांना तीच रेंगाळलेली वाटतात. मला तसं वाटत नाही. महाभारतातही सौप्तिक पर्वात युद्ध संपतं आणि पुढं आठ पर्वं उरतात. विधवांचा आक्रोश, भीष्मांचा उपदेश, यादवांचा नाश, शेवटी पांडवांचं महाप्रस्थान. जिंकल्यानंतर माणसांचं काय होतं, हे सांगितल्याशिवाय व्यासांनी गोष्ट मिटवली नाही.

एरागॉनही जातो. हा देश तू कायमचा सोडशील, असं भविष्य सांगणाऱ्या अँजेलानं पहिल्याच भागात सांगून ठेवलं होतं. ड्रॅगनच्या पिल्लांना वाढायला निर्धोक जागा हवी आणि एवढी ताकद अंगात असलेल्यानं राज्यकारभाराच्या जवळपास राहू नये, हे त्याला उमगलेलं असतं. त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती आर्या मागं राहते, तिला एल्फांचं राज्य सांभाळायचं असतं. मामेभाऊ रोरन आपल्या खोऱ्यात गाव पुन्हा वसवायला थांबतो. एक भाऊ मातीपाशी आणि एक कायमचा लांब, अशी घरं आमच्या कागल-भुदरगड भागात गल्लोगल्ली आहेत. म्हणून एरागॉनचा जहाजावरचा निरोप वाचताना माझे डोळे भरून आले. एरागॉन आणि आर्याचं लग्न लावून, त्याला घरी परतवून गोड शेवट करणं पाओलिनीला सहज जमलं असतं. वाचक सुखावले असते, पण गोष्ट खोटी पडली असती.

घरात कुणी पोरगं हा भाग वाचत असेल तर राजा मेल्यावर त्याला पुस्तक मिटू देऊ नका. पुढची पानं त्याच्या शेजारी बसून तुम्हीही वाचा.