शिंपला घेऊन परतणारे

मैत्रिणींनो, स्पेनला गेलात तर माद्रिद, बार्सिलोना बघालच. पण एक दिवस उत्तरेकडच्या नाव्हारा प्रांतासाठी राखून ठेवा. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त पाम्प्लोनाला असतात, म्हणून आम्हांला हा योग आला. नाहीतर सुट्टीत आमची धाव माहेरापलीकडे कुठली जायला!

पाम्प्लोनावरून एक जुनी यात्रेची वाट पश्चिमेला सांतियागो दे कॉम्पोस्तेलाला जाते. येशूचा शिष्य संत याकोब ह्याची समाधी तिथं आहे, ह्या श्रद्धेनं हजारएक वर्षं लोक ती चालताहेत. (आम्ही गेलो मोटारीनं, हे कबूल करते.) वाटेवरच्या खेड्यांतून अकराव्या-बाराव्या शतकांतली लहान लहान चर्चेस आहेत. त्या बांधणीला रोमनेस्क म्हणतात. जाड दगडी भिंती, अर्धगोल कमानी आणि इवल्याशा खिडक्या. दगडी छताचा भार भिंतींनीच पेलायचा, मग खिडकी मोठी ठेवणार कशी? आत शिरलं की जुन्या वाड्यातल्या माजघराची आठवण होते.

एउनातेचं चर्च पुएन्ते ला रेईना गावाजवळ आहे. जवळ वस्ती नाही. शेतांच्या मधोमध हे अष्टकोनी चर्च उभं, आणि भोवती ३३ कमानींचं उघडं कडं. आम्ही पोचलो तर दाराला कुलूप! ह्यांना पुढं जायची घाई. पण मी हटूनच बसले. भिंतीच्या सावलीत पोळी-भाजीचा डबा सोडला, आणि दुपार कलल्यावर दार उघडलं. खिडक्यांना काचेऐवजी दुधी दगडाचे पातळ तक्ते आहेत. त्यांतून येणारं ऊन मधासारखं दिसत होतं.

टेम्पलर योद्ध्यांनी हे बांधलं असं सांगतात, त्याला पुरावा नाही. मात्र खोदकामात इथं कबरी सापडल्या, आणि काहींत शिंपले. हे ऐकलं आणि मी जागीच थांबले. कारण त्या काळी हा शिंपला सांतियागोला पोचल्यावर यात्रेची खूण म्हणून घ्यायचे. म्हणजे ही माणसं दर्शन घेऊन घरी निघालेली असणार.

आमचे आजेसासरे आषाढीच्या वारीला गेले ते परत आलेच नाहीत. पटकीत गेले, एवढाच निरोप आला. जाताना की येताना, कुणालाच कळलं नाही. सासूबाई तेव्हा आठ वर्षांच्या. त्यांचेच ते वडील. (हो, आमच्याकडे नात्यातलंच लग्न, म्हणून दोन्हीकडून आजे!) पंढरपूर दिसलं का त्यांना, हे त्या अजून अधूनमधून बोलतात.

पुढं तोर्रेस देल रिओलाही असंच अष्टकोनी चर्च आहे. आम्ही गेलो तेव्हा किल्ली गावातल्या एका बाईंकडे होती. हात पुसत आल्या, दार उघडून दिलं आणि बोटानं वर दाखवलं. छतात दगडी पट्ट्या एकमेकींना छेदून चांदणी झालेली, कोर्दोबाच्या मशिदीच्या घुमटासारखी. मान दुखेपर्यंत बघितलं. खरं सांगायचं तर मन मात्र एउनातेतच होतं.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. गहू निवडता निवडता ऐकत होत्या. मध्येच हात थांबवून म्हणाल्या, "शिंपला पोचल्यावरच मिळायचा ना ग?"

"हो," मी म्हटलं.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं.