खांद्यावरची पसंत

बुरखा काळा, ओढणी काळी, चपलाही बहुतेक काळ्याच. सकाळी एसटी स्टँडवर आम्ही पाचसहा जणी उभ्या राहिलो की मागून कोण कोणती हे कळत नाही. एकीच्या मियाँनी घरी विसरलेला डबा धावत आणून भलतीच्याच हातात दिला होता. आमची ओळख पटते ती पर्सवरून. गर्द हिरवी असेल तर मोठ्या आपा, खाकी कॅनव्हासची असेल तर घोडेगावला उतरणारी, तुकडे जोडून शिवलेली झोळी दिसली तर मंचरची. रंगाची आवड कुठून तरी डोके वर काढतेच. आमच्याकडे तिला जागा मिळाली ती खांद्यावर.

आम्ही म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत शिकवणाऱ्या, चाळिशीतल्या बायका. कुणी उर्दू शिकवते, कुणी मराठी, कुणी दोन्ही. आमच्या कपाटात पर्स आहेत आणि कामापुरत्या लागतात त्याहून जास्त आहेत. एकीकडे चौदा, एकीकडे नऊ, बाकीच्या मोजू देत नाहीत.

रमजानच्या आधी बायकांच्या एका इज्तिमात यावरून बोलणे निघाले. एक बुजुर्ग खाला म्हणाल्या, "खांदे दोन, मग पर्स चौदा कशाला? हिसाब द्यावा लागेल, बेटी." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती. म्हणूनच ते हसण्यावारी नेता आले नाही. परतताना गाडीत आमच्यात तोच विषय होता.

सूरह आराफच्या ३१व्या आयतीत जीनत करण्याची ताकीद आणि इस्राफची मनाई एकाच जागी आली आहे. त्याच्या पुढच्याच आयतीत अल्लाहने बंद्यांसाठी दिलेली जीनत हराम ठरवणाऱ्यांना सवाल केला आहे. सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. माणसाला चांगला कपडा, चांगली चप्पल आवडते, मग हा तकब्बुर झाला का, असे विचारले गेले. रसूलुल्लाह (स.) यांनी त्याला तकब्बुर म्हटले नाही. सत्य झिडकारणे आणि लोकांना हलके समजणे, याला तकब्बुर म्हटले. म्हणजे पर्स आवडण्यात खोट नाही. पर्स दाखवून शेजारणीला खाली पाहायला लावले तर मात्र ती पर्स महागात पडली. जकातीचे म्हणाल तर वापरातल्या कपड्यालत्त्यावर आणि पर्सवर जकात नाही. हनफी मसलकात वापरातल्या सोन्यावर मात्र आहे. तेव्हा आमच्या पर्स मोजण्याआधी काहींनी आपल्या पाटल्या तोलून पाहायला हरकत नाही. हे आम्ही खालांना अर्थातच सांगितले नाही.

इस्राफ कुठे सुरू होतो, याचा आकडा कुणी लिहून ठेवलेला नाही. आम्ही आमच्यापुरते दोन नियम पाळतो. पर्स हप्त्यावर घ्यायची नाही. आणि एका ईदपासून दुसऱ्या ईदपर्यंत जिला हात लागला नाही, ती घरातून बाहेर जाते, तीही चेन नीट चालत असताना. चेन बिघडलेली, पट्टा तुटलेली पर्स दुसऱ्याला देणे म्हणजे आपला कचरा त्याच्या दारात ठेवणे. त्याला सदका म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

आमच्या अम्मींकडे पर्स नव्हती. पदराच्या नाहीतर ओढणीच्या टोकाला गाठ, गाठीत दोन-पाच रुपये, तेही अब्बांनी मोजून दिलेले. नानींकडे बटवा होता, दोन दोऱ्या ओढून तोंड बंद करायचा. त्यात सुपारी, लवंग, वेलची आणि एक छोटी किल्ली. आजूबाजूच्या शेतकरी घरांत म्हाताऱ्या कमरेला चंची खोचायच्या. गुंडाळी उलगडत गेले की एकेक कप्पा निघायचा, पानाचा, चुन्याच्या डबीचा, तंबाखूचा. कप्प्यांची हौस आजच्या बायकांनी काढली असे ज्यांना वाटते त्यांनी एखादी जुनी चंची उघडून पाहावी. आणि दोन भाषा शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना गंमत वाटते ती शब्दाची. मराठीतला खिसा आला तो अरबी-फारसीतल्या 'कीसा'वरून, आणि त्याचा मूळ अर्थ थैली. पुढे ती थैली सदऱ्याला शिवली गेली आणि खिसा झाली. बायकांच्या कपड्यांना मात्र कुणी खिसा शिवला नाही. म्हणून आमची थैली वेगळी राहिली आणि आम्हाला ती हातात धरावी लागली.

पर्स म्हणजे विलायती फॅशन, असे घरातले पुरुष म्हणतात तेव्हा आम्ही त्यांना मोसुलची गोष्ट सांगतो. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत पितळेची एक पर्स आहे, वर सोन्याचांदीचे जडावकाम. ती इराकमधल्या मोसुल शहरात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवली गेली. बराच काळ लोकांना वाटे की हे काहीतरी घोड्याच्या खोगिराचे किंवा शिवणकामाचे सामान असावे. पण तिच्या झाकणावर कोरलेल्या दरबाराच्या देखाव्यात बेगमेशेजारी एक खिदमतगार उभा आहे आणि त्याच्या अंगावर पट्ट्याने लटकवलेली तशीच पर्स आहे. कोडे सुटले. २०१४ साली त्या एका पर्सभोवती लंडनमध्ये अख्खे प्रदर्शन भरले होते. पॅरिसच्या शनेलने खांद्याला अडकवायची साखळीची पर्स काढली १९५५ साली. मोसुलच्या कारागिराने पट्ट्याची कडी त्याच्या सहाशे वर्षे आधी बसवली होती. चौदा पर्सवाली ही गोष्ट सांगताना जरा जास्तच खूश होते, ते असो.

आता आमच्या कपाटाविषयी. सगळ्यांत जास्त चालते ती शाळेची मोठी काळी रेक्झिनची पर्स. तिच्यात डबा, पाण्याची बाटली, लाल पेन, तपासायच्या वह्या, घडीची छत्री, नमाजची पातळ ओढणी, डोकेदुखीची गोळी आणि टॉर्च. टॉर्च ही आमच्या भागाची खास चीज आहे. मोबाइलचा उजेड ठीक, पण संध्याकाळी फाट्यावर उतरून उसाच्या कडेने चालताना बॅटरी एक टक्क्यावर आली तर? बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र चालवावे लागते असा हा मुलूख. मासिकांत छापून येते, पर्समध्ये लिपस्टिक आणि परफ्यूम हवेच. आमच्याकडे आधी टॉर्च, मग इतर सगळे.

हिमरूचा बटवा आहे, औरंगाबादला शाळेची सहल गेली तेव्हा घेतलेला. हिमरू म्हणजे सुती आणि रेशमी धाग्यांचे विणकाम, त्याच्या वेलबुट्टीला अजून तोड नाही. त्याच घराण्यातला मशरू आम्हाला अधिक आवडतो, त्याच्या नावासाठी. खालिस रेशीम पुरुषांना मना. मग विणकरांनी असे कापड काढले की वर रेशमाची चमक आणि अंगाला लागणारी बाजू सुती. नाव पडले मशरू, म्हणजे शरीयतला चालणारे. दीन आणि शौक यांचा मेळ कसा घालायचा हे मागावर बसलेल्या माणसाने दाखवून दिले. आमच्यातल्या एकीला मशरूचा पट्टी-पट्टीचा क्लच हवा आहे, दोन वर्षे झाली, मनासारखा रंग मिळत नाही.

चामड्याची एकच आहे, धारावीहून आणलेली, बकरीच्या कातड्याची. धारावीत पर्स शिवणारे कितीतरी कारागीर बिहार-यूपीकडचे आपलेच भाईबंद. २०१५ साली राज्यात गोहत्याबंदीचा कायदा बैल-वळूंनाही लागू झाला. तेव्हापासून म्हैस, बकरी आणि रेक्झिन यांच्यावरच तिथला धंदा चालतो. चामडे घेताना आम्ही एक गोष्ट नक्की विचारतो, ती म्हणजे अस्तर कशाचे. दबागत केलेले, म्हणजे कमावलेले कातडे पाक होते, पण डुकराचे होत नाही. बाहेरदेशी बनलेल्या काही पर्सना आतून डुकराच्या कातड्याचे अस्तर असते. आखातातून कुणी भेट आणली तर आतली चिठ्ठी आधी वाचावी. ती पर्स खांद्याला लावून नमाजला उभे राहायचे असते.

उमऱ्याच्या टूरवाल्याने दिलेली, कंपनीचे नाव छापलेली निळी बॅग प्रत्येक घरात असतेच. तिला पर्स म्हणवत नाही, पण हरममध्ये चपला ठेवायला दिलेली दोरीची छोटी पिशवी मात्र एकीने जपून ठेवली आहे. तिच्यात ती तसबीह आणि अम्मींचा चष्मा ठेवते. अम्मी आता नाहीत.

तुकड्यांची झोळी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत देखणी. बहिणीच्या निकाहच्या गराऱ्याचा उरलेला किनखाब, खणाचा एक चौकोन, जुन्या चादरीचे अस्तर. २०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या, तेव्हा बचत गटाच्या बायकांनी कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. त्यांच्याकडूनच ही शिवून घेतली. जुन्नरला तुकड्यातून, चिंध्यांतून नवे काही करण्याची सवय जुनीच. इथले कागदी मुसलमान जुन्या गोणपाटाचा लगदा करून कागद काढायचे. त्यांच्यातलेच लोक पुढे पुण्याच्या कसब्यात जाऊन वसले, तो कागदीपुरा. पोते फाटले की कागद, कागदावर सरकारी हिशेब. झोळीची मालकीण हे मुलांना वर्गात सांगते, झोळी टेबलावर ठेवून.

नव्याने शौक लागलेल्या मुलींना चार गोष्टी. काळ्या बुरख्यावर सगळे रंग चालतात, म्हणून सगळे रंग घेऊ नका. आधी आपले दोन रंग ठरवा. आमच्या मोठ्या आपांनी हिरवा धरला तो धरला, गेली कित्येक वर्षे. आता त्यांच्यासाठी भेट घेताना कुणाला विचार करावा लागत नाही. ठेंगण्या बाईने गुडघ्यापर्यंत लोंबणारी झोळी घेऊ नये, दुकानात आरशासमोर उभे राहून पाहावे. एसटीत जायचे असेल तर पट्टा छातीवरून तिरका येईल इतका लांब हवा आणि तोंडाला चेन हवी, बटण नको. शिवाजीनगरच्या गर्दीत बटण म्हणजे चोराला दावत. चमकत्या कड्या सहा महिन्यांत काळ्या पडतात. ब्रँडचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेली नक्कल तर घेऊच नये. ती ना खरी असते ना आपली.

पावसाळा हा पर्सचा दुश्मन. भीमाशंकर-माळशेजच्या अंगाने पाऊस लागला की कपाटात बुरशी धरते. रेक्झिन पापुद्र्यांनी सुटते, चामड्यावर पांढरे डाग येतात. आत रद्दी वर्तमानपत्राचे बोळे भरून, सुती पिशवीत घालून ठेवावी. प्लास्टिकमध्ये बांधली तर घाम येऊन जास्त खराब होते. औषधांच्या आणि बुटांच्या डब्यात निघणाऱ्या दाण्यांच्या पुड्या फेकू नयेत, एकेक आत टाकावी. भिजलेले चामडे उन्हात वाळवू नये, सावलीत वाऱ्यावर ठेवावे. महिन्यातून एकदा सगळ्या पर्स पलंगावर काढून ठेवायच्या. हे काम आम्ही जुम्म्याच्या दिवशी, सुटी असेल तर, चहा घेत घेत करतो आणि ते काम वाटत नाही.

एक गोष्ट मात्र पर्सच्या आतली. आमच्यासोबत येणारी एक बाई आहे, आमच्यापेक्षा वयाने लहान. पगार तिच्या खात्यावर जमा होतो, एटीएमचे कार्ड मियाँच्या पाकिटात. माणूस वाईट नाही, घरात कशाची कमी नाही. पण सकाळी तो तिला गाडीभाड्याचे पैसे मोजून देतो. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचे अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून तेही अर्धे झाले. तिची पर्स आमच्या सगळ्यांच्या पर्सपेक्षा सुंदर आहे, त्यानेच ईदला आणून दिलेली. आत मात्र अम्मींच्या पदराच्या गाठीत असायचे तेवढेच.

शरीयत याबाबतीत साफ आहे. मेहेर बाईचा, वारसा बाईचा, तिची कमाई तिची. घर चालवण्याची जबाबदारी नवऱ्याची. तिने आपल्या खुशीने घरात घातले तर तो तिचा एहसान. हजरत खदीजा (रजि.) स्वतः तिजारत करत होत्या, आपला माल काफिल्यांबरोबर पाठवत होत्या. हे सगळे आपण जलशात ऐकतो आणि दाद देतो. तिने मियाँशी भांडावे असे आम्ही सांगितले नाही. मोठ्या आपांनी एवढेच सुचवले, की सूरह निसाची सुरुवातीची रुकूअ दोघांनी बसून अर्थासहित वाचावी, आणि मग जे बोलायचे ते बोलावे. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

परवा पगारानंतर मंचरच्या बाजारात आम्ही दुकानात शिरलो, तेव्हा ती काउंटरवर उभी राहून एकामागून एक पर्स उघडून आत पाहत होती. रंग पाहत नव्हती. दुकानदाराने विचारले, "ताई, नेमके काय पाहिजे?"

"आत चेनचा छोटा कप्पा पाहिजे," ती म्हणाली, "कार्ड बसेल एवढा."