बाबका: मैदा, नारळ आणि शुक्रवारची डेडलाइन

नाव बाबका असलं तरी बाबांचा आणि याचा काहीही संबंध नाही. पोलिश आणि युक्रेनियन भाषांत 'बाबा' म्हणजे आजी आणि 'बाबका' म्हणजे छोटीशी आजी. आपल्याकडे 'आजीबाई' म्हणावं तसं काहीतरी. तिकडचे ख्रिश्चन ईस्टरला उंच साच्यात बाबका करतात. ज्यू लोकांचा बाबका मात्र वेगळा. शब्बाथसाठी 'खला' नावाचा वेणीचा पाव करायचा, त्यातलं उरलेलं पीठ लाटून त्यावर जाम किंवा दालचिनी-साखर पसरायची, गुंडाळी करायची, पिळायची आणि भाजायची. हा एकोणिसाव्या शतकातल्या पूर्व युरोपातल्या घरांमधला काटकसरीचा प्रकार. चॉकलेट त्यात बरंच नंतर, अमेरिकेत गेल्यावर आलं.

'साइनफेल्ड' बघितलेल्यांना १९९४ चा तो एपिसोड आठवेल. चॉकलेट बाबका डोळ्यांदेखत संपतो आणि बिचाऱ्यांना दालचिनीच्या बाबकावर समाधान मानावं लागतं. इस्रायलमध्ये याचाच भाऊबंद 'क्रांत्झ केक' म्हणून मिळतो. ओटोलेंगी आणि तमीमी यांच्या २०१२ च्या 'जेरुसलेम' या पुस्तकात त्याची कृती आली आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी करून फोटो टाकायला सुरुवात केली. आमच्यासारखे वीकेंडला पीठ मळणारे सॉफ्टवेअरवाले त्यात होतेच :)

असो. इतिहास पुरे. आता रिक्वायरमेंट.

माझ्या टीममधला एकजण ठाण्याचा, बेने इस्रायली. त्याची आई पुढच्या महिन्यात कायमची अश्दोदला चालली आहे, मुलीकडे. मी मीरा रोडच्या घरी पाव भाजतो हे तिला मुलाकडून कळलेलं. एका रविवारी त्यांचाच फोन.

"अरे, तू पाव करतोस म्हणे. आमची मुलगी तिकडून त्या बाबकाचे फोटो पाठवत असते. करून बघशील का? इथे एकदा चाखून ठेवते. तिथे गेल्यावर सगळंच नवं नको."

"करतो की मावशी. पण तुमच्याकडे हा कधी करत नव्हते?"

"आमच्याकडे कुठला बाबका! आमचं आपलं मलिदा, चिकाचा हलवा, पुरणपोळी. यीस्टचा पाव म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीतला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेने इस्रायली म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. ठाण्याचं 'शार हशामायिम' म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ चं. १९४८ च्या सुमारास हा समाज वीस हजारांच्या आसपास होता. आज भारतातले सगळे ज्यू मिळून जेमतेम काही हजार उरलेत. बाकीचे तिकडे अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा इथे गेले.

म्हणजे मावशींसाठी बाबका हा 'पारंपरिक' पदार्थ नाहीच. तो पोलंड-युक्रेनच्या ज्यूंचा. कोकणातल्या ज्यूंशी त्याची गाठ पडली ती इस्रायलच्या बेकरीत. मावशींना तो चाखायचा होता तो मात्र जाण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी, ठाण्यातल्या स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. त्या घरात त्यांची सगळी वर्षं गेली. तेव्हा हा प्रयोग फसून चालणार नव्हता.

अटी तीन. पहिली: लोणी, दूध काही नको. शुक्रवारच्या जेवणात कोंबडीचा रस्सा असणार आणि मांसाबरोबर दुधाचं चालत नाही. दुसरी: अंडं आधी वाटीत वेगळं फोडून बघायचं. रक्ताचा ठिपका दिसला तर ते बाद. तिसरी: सूर्यास्ताच्या आत ठाण्यात पोचलं पाहिजे, कारण त्यानंतर शब्बाथ सुरू. काटेकोर नियम पाळणारे लोक दुसऱ्याच्या भट्टीतलं खाणारच नाहीत, पण प्रत्येक घर आपली रेषा आपण आखतं. मावशींची रेषा अशी की ज्या घरात मांस शिजत नाही तिथलं चालेल, फक्त भाजायचे डबे नवे हवेत. आमच्या घरी अंड्याच्या पुढे मजल नाही. भाईंदर स्टेशनजवळून दोन नवे डबे आणले.

आता लोणी नाही म्हटल्यावर बाबकाचा अर्धा जीवच गेला असं वाटेल. तसं नाहीये. पूर्व युरोपातही हीच अडचण होती, आणि मांसाच्या जेवणानंतर खायचा बाबका तेलातच होत असे. बेने इस्रायली स्वयंपाकात तर याचं उत्तर कधीचंच तयार आहे: नारळाचं दूध. आणि नारळाच्या दुधातलं यीस्टचं पीठ बघायला आम्हाला फार लांब जावं लागत नाही. उत्तन-डोंगरीकडे ईस्ट इंडियन घरांत 'फुगियास' करतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध, पूर्वी ताडीने आणि आता यीस्टने फुगवलेलं पीठ, हातातून पिळून तेलात सोडायचं. गोल गोल फुग्यांसारखे. बाबकाचं पीठ त्याहून घट्ट, पण घटक जवळपास तेच.

प्रमाण असं ठरलं: ५०० ग्रॅम मैदा, ८ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ८० ग्रॅम साखर, २ अंडी, १८० मिली दाट नारळाचं दूध, ७० मिली तेल, चमचाभर मीठ. (मीठ भाईंदरच्या मिठागरांतलं नव्हतं, साधं पाकिटातलंच होतं.) तेल शेवटी आणि थोडं थोडं घालायचं. आधीच ओतलं तर मैद्याच्या कणांवर तेलाचा थर बसतो आणि ग्लूटेनची जाळी नीट बनत नाही. पीठ ताणल्यावर पापुद्र्यातून उजेड दिसेपर्यंत मळायचं. हाताने वीसेक मिनिटं. जिमचे पैसे वाचतात.

यीस्टला साखर आवडते हे अर्धसत्य आहे. साखर फार झाली तर ती यीस्टच्या पेशींतलं पाणी ओढून घेते आणि यीस्ट सुस्तावतं. म्हणून गोड पीठ फुगायला वेळ लावतं. त्यात आपली हवा ३०-३२ अंशांची. बाहेर ठेवलं तर पीठ पटकन फुगतं पण चव येत नाही, आणि मऊ पिठाच्या वळ्या पाडताना ते हाताला चिकटतं. उपाय सोपा. तासभर बाहेर, मग रात्रभर फ्रिजमध्ये. गुरुवारी रात्री कॉल संपवून पीठ मळलं आणि फ्रिजमध्ये टाकलं. नाइटली बिल्डच म्हणा ना.

सारणात चॉकलेट घालणं सोपं होतं. पण मला वाटलं, तिकडच्या बाबकात इकडचं काहीतरी असावं. ओला नारळ, गूळ, वेलची, जायफळ, भाजलेली खसखस. यात एक मेख आहे. सारण ओलं राहिलं तर भाजताना वाफ धरते आणि वळ्यांच्या मध्ये पोकळ बोगदे होतात. म्हणून कढईची कड सोडेपर्यंत परतायचं, वर दोन चमचे भाजलेला रवा घालायचा, म्हणजे उरलेला ओलावा तो पितो. आमच्या आईने डोकावून बघितलं. "ही तर करंजीच. फक्त पिळलेली."

शुक्रवारी वर्क फ्रॉम होम. पिठाचे दोन भाग केले. एकेक भाग साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर लाटला, सारण पसरलं, गुंडाळी करून वीस मिनिटं परत फ्रिजमध्ये. मग सुरीने लांबीत मधोमध चिरायचं आणि दोन्ही पट्टे, कापलेली बाजू वर ठेवून, एकमेकांवर पिळायचे. डब्यात ठेवून दीड तास फुगू द्यायचं. ओटीजीत १७५ अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या वरून पातळ पाक, म्हणजे चकाकी येते आणि पाव वाळत नाही. साडेतीनला दोन्ही तयार होते.

राहिला घोडबंदर रोड. मीरा रोडहून ठाण्याला सरळ लोकल नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी गायमुखला काय होतं ते सांगायला नको. चारला निघालो. सूर्यास्ताला अर्धा तास असताना मावशींच्या दारात.

घर अर्धं बांधलेलं. भिंतीवर कॅलेंडरचा चौकोनी डाग, कोपऱ्यात खोके. पण टेबलावर पांढरी चादर, तेलाचा दिवा, आणि किद्दूशसाठी काळ्या मनुकांचं सरबत. जेवून जा म्हणाल्या. प्रार्थना झाली, जेवण झालं, मग बाबका आला. मावशींनी एक वळी सोडवून तोंडात टाकली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मला कोड रिव्ह्यूला बसल्यासारखं झालं.

"तिकडे असा मिळणार नाही ना रे?"

"नाही मावशी. तिकडे चॉकलेटचा."

"मग मला हाच करायला हवा. लिहून दे."

त्या चाखायला निघाल्या होत्या तिकडची चव, आणि बरोबर नेणार होत्या ही. शब्बाथला त्या स्वतः लिहीत नाहीत, म्हणून मी रविवारी सगळं प्रमाण मराठीत टाइप करून पाठवलं. नातीला मराठी समजतं, वाचता येत नाही. ती पीठ मळणार आणि मावशी वाचून दाखवणार, असं ठरलंय. नारळाच्या दुधाचे डबे तिथे मिळतात, हे मुलीला विचारून झालं.

बदल्यात मला चिकाच्या हलव्याची कृती मिळाली. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक गाळून घ्यायचा, नारळाच्या दुधात आटवायचा आणि थाळीत थापायचा. "घाई केलीस तर गुठळ्या होतील," एवढी एकच सूचना. सध्या आमच्या ओट्यावर अर्धा किलो गहू भिजतायत. आज दुसरा दिवस.